व्हिसा संपत आलाय आणि मुलगा मायदेशी परत जाऊ शकत नाही, तर भारतात आश्रय कुठे आणि कसा मागायचा

तुम्ही विचारलंय की कोंढव्यातल्या तुमच्या फ्लॅटमध्ये सुदानचा एक विद्यार्थी भाड्याने राहतोय, मूळचा पश्चिमेकडच्या दारफूर भागातला, तिथल्या मसालित या वांशिक समाजातला, डिग्री संपत आलीय, व्हिसाला दोन महिने उरलेत, घरचे लोक पळून चाडमधल्या कॅम्पात गेलेत आणि तो म्हणतो मी परत जाऊ शकत नाही. मग त्याने भारतात आश्रय मागायचा कुणाकडे आणि त्याला ठेवून घेतलं तर तुमच्यावर काही येईल का. मी पुण्यात वकिली करतो आणि परदेशी नागरिकांच्याच केसेस बघतो, एफआरओ म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं ऑफिस, हायकोर्ट, दिल्लीच्या फेऱ्या, वर्षानुवर्षं हेच काम चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो कारण यात अर्धवट सल्ला मिळाला तर पोरगं थेट जेलपर्यंत जाऊ शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. जे काही करायचंय ते व्हिसा संपायच्या तारखेच्या आधी अर्ज करून, पोचपावती घेऊन करायचं. त्या तारखेपर्यंत तो कायदेशीर राहणारा परदेशी विद्यार्थी आहे आणि त्याला एक अडचण आहे. तारीख उलटली की तो ओव्हरस्टे केलेला माणूस होतो आणि मग त्याची हकीकत कितीही खरी असली तरी समोरचा अधिकारी ती पकडला गेल्यावर सांगितलेली गोष्ट म्हणूनच ऐकतो. एकच माणूस, एकच भीती, पण आठ दिवसांच्या फरकाने फाईलचा रंग बदललेला मी कितीतरी वेळा पाहिलाय आणि दर वेळी जीव तुटतो.

तुमच्या बाजूचं पटकन सांगून टाकतो. परदेशी माणसाला जागा दिली की २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यायची असते, ज्याला आजही सगळे सी फॉर्मच म्हणतात, आणि रजिस्टर्ड भाडेकरार हवा. हे केलेलं असेल तर तो व्हिसावर आहे तोपर्यंत तुम्हाला काही धोका नाही. केलं नसेल तर आज करा, कारण मालकावरही गुन्हा नोंद होतो. आणि त्याचा ओरिजिनल पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर कृपा करून लगेच परत द्या, पुण्यात बरेच घरमालक डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवतात, ते चूक तर आहेच पण त्या पोराला उद्या पोर्टलवर स्कॅन अपलोड करायचा असतो, दिल्लीला न्यायचा असतो.

आता मूळ प्रश्न. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या प्रोटोकॉलवर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे जर्मनीत किंवा अमेरिकेत जसं आश्रयाचा अर्ज, मुलाखत, अपील, कोर्ट अशी ठरलेली वाट आहे तशी आपल्याकडे नाही. आपल्याकडे कायद्याच्या नजरेत फक्त परदेशी माणूस आहे. आधी १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट होता, १९२० चा पासपोर्टचा आणि १९३९ चा नोंदणीचा कायदा होता, ते सगळे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झालाय. यात व्हिसापेक्षा जास्त राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वैध कागदांशिवाय देशात शिरलं तर ५ वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत, आणि खोटी कागदपत्रं वापरली तर कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. आणि मी परदेशी नाही किंवा मी कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर, सरकारवर नाही, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे.

मग इतके लोक आश्रयाला आले ते कसे, तर दर वेळी सरकारने त्या त्या गटापुरता निर्णय घेतला म्हणून. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पर्यंत जवळपास पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, राहून गेले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पात आली आणि त्याचं उल्हासनगर झालं. गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंगला तिबेटी वसाहत आहे, ती १९७२ पासूनची. या प्रत्येकामागे सरकारी आदेश होता. आताही १ सप्टेंबर २०२५ च्याच सूट देणाऱ्या आदेशात तिबेटी आहेत, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ आहेत आणि अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन, जे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले, ते आहेत. सुदानचा मसालित मुलगा यातल्या कुठल्याच यादीत बसत नाही. मला हे बरोबर वाटत नाही, ज्याला मारायला माणसं येतात त्याची भीती यादी बघून कमीजास्त होत नाही, पण माझ्या वाटण्यावर त्याचा व्हिसा वाढणार नाही त्यामुळे जे दरवाजे उघडे आहेत त्याबद्दल बोलू.

पहिला दरवाजा अगदी साधा आहे आणि नेमका तोच लोक विसरतात, व्हिसा वाढवणं. त्याला खरोखर पुढे शिकायचं असेल, मास्टर्सला किंवा दुसऱ्या कोर्सला अॅडमिशन मिळत असेल, तर ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर बोनाफाईड, फी भरल्याची पावती, पैशाची सोय, भाडेकरार लावून अर्ज करायचा. पुण्यात ही फाईल पोलीस आयुक्तालयातल्या विशेष शाखेकडे जाते, तिथे बसलेली माणसं ऐकून घेणारी असतात हा माझा अनुभव आहे, पण त्यांच्याकडे वेळ नसतो, म्हणून अर्ज पहिल्यांदाच पूर्ण हवा. फक्त नावापुरती अॅडमिशन घ्यायला सांगणारे एजंट मिळतील, हजेरी नसलेली, त्यांच्या नादी लागू देऊ नका, कॉलेजने कळवलं की व्हिसाही जातो आणि विश्वासही.

दुसरा दरवाजा यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांची संस्था. ती भारतात १९८१ पासून काम करतेय, मुख्य ऑफिस दिल्लीत. तिबेटी आणि श्रीलंकन लोकांचं सरकार स्वतः बघतं, बाकीच्या देशांचे, म्यानमार अफगाणिस्तान सुदान सोमालिया येमेन वगैरे, यूएनएचसीआरकडे जातात. आधी नोंदणीची विनंती पाठवायची, बोलावतील तेव्हा दिल्लीला जायचं, मग अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो, नंतर मोठी मुलाखत होते आणि मान्य झालं तर रेफ्युजी कार्ड. नाकारलं तर एकदा अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची. या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. कुणी दिल्लीतून फोन करून नंबर लवकर लावून देतो म्हणत असेल तर तो फसवतोय.

यात वेळ लागतो, महिने लागतात, कधी वर्षं लागतात. आणि त्या कार्डाने काय मिळतं याबद्दल पोराला खोटी आशा देऊ नका. ते कार्ड म्हणजे व्हिसा नाही, त्यावर आधार निघत नाही, नोकरीची परवानगी मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका सुदानी माणसाच्याच याचिकेवर सुप्रीम कोर्टाच्या खंडपीठाने या कार्डांबद्दल कडक शब्दांत नाराजी दाखवली होती. तरीही मी प्रत्येकाला नोंदणी करायलाच सांगतो, कारण रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर कुठेतरी, कुणीतरी निष्पक्ष संस्थेने याची हकीकत ऐकून घेतलीय एवढा तरी पुरावा हातात राहतो आणि हायकोर्टात उभं राहताना त्याचा उपयोग होतो.

तिसरा दरवाजा बहुतेकांना माहीतच नसतो. गृहमंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ ला एक कार्यपद्धती काढली, २०१९ ला ती सुधारली, आपण निर्वासित आहोत असं सांगणाऱ्या परदेशी माणसाचं काय करायचं याबद्दलची. त्यात म्हटलंय की वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होण्याची रास्त भीती प्रथमदर्शनी दिसत असेल तर ३० दिवसांत शिफारस गृहमंत्रालयाकडे जावी आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला एलटीव्ही म्हणतात, तो देता येतो. एलटीव्ही मिळाला की खाजगी क्षेत्रात नोकरी करता येते, शिकता येतं. प्रत्यक्षात ३० दिवस कागदावरच राहतात आणि एलटीव्ही फार थोड्यांना मिळतो. पण अर्ज रेकॉर्डवर येतो, आणि व्हिसा चालू असताना आलेला अर्ज असेल तर उद्या कोर्टाला सांगता येतं की हा माणूस लपला नव्हता, स्वतः होऊन सरकारकडे आला होता.

हे तिन्ही एकाच वेळी करायचे. एकाचा निकाल लागू दे मग दुसरं बघू असं करत बसलं की तारीख निघून जाते.

आता खरी मेहनत जिथे आहे तिथे येतो, त्याचा जबाब. बहुतेक मुलं माझ्याकडे येतात तेव्हा हातात एक पान असतं, सायबर कॅफेत टाईप केलेलं, माझ्या देशात युद्ध चालू आहे माझ्या जिवाला धोका आहे मला मदत करा. हे खरं असतं पण याच्यावर काही मिळत नाही. युद्ध चालू आहे हे अधिकाऱ्यालाही माहीत आहे, १५ एप्रिल २०२३ पासून सुदानचं लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज यांच्यात काय चाललंय ते जगाने पाहिलंय. यूएनएचसीआर सरसकट हिंसाचारातून पळालेल्यांचाही विचार करते, पण गृहमंत्रालयाच्या कार्यपद्धतीची भाषा अरुंद आहे, तिथे तुला तू कोण आहेस म्हणून धोका आहे हे दिसावं लागतं. मसालित मुलाच्या बाबतीत ते आहेच, २०२३ मध्ये दारफूरमधल्या अल जिनीना शहरात मसालित लोकांना समाज विचारून विचारून मारलं गेलं आणि उरलेले सीमा ओलांडून चाडमध्ये अद्रेला पळाले, ही सगळी नोंद झालेली गोष्ट आहे. मग जबाबात ते यायला हवं की घर कुठल्या मोहल्ल्यात होतं, घरात कुठली भाषा बोलतात, मोहल्ल्याचा प्रमुख कोण, कोण आलं, काय विचारलं, आई कुठल्या रस्त्याने गेली, भावाचं शेवटचं बोलणं कधी झालं. आणि हे त्याने स्वतःच्या भाषेत लिहायचं, अरबीत लिहू दे, वीस पानं होऊ देत, भाषांतर नंतर.

पुरावा लोकांना वाटतो तितका दुर्मिळ नसतो. आई कॅम्पात असेल तर तिथल्या नोंदणीचा कागद असतो, त्यावर कुटुंबातल्या लोकांची नावं असतात. आईला सांगून त्याचा फोटो मागवा, नीट उजेडात काढलेला, चारही कोपरे दिसणारा. व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज, फोटो, तारखेसकट जपून ठेवायचे, फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप.

आणि तारखा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एका अफगाण मुलीची फाईल सांगतो, ओळख पटेल असं काही न सांगता. तिचा भाऊ आधीच्या सरकारकडे नोकरीला होता, त्याला आलेल्या धमकीच्या पत्रावर तारीख होती १५ दल्व १३९९. अफगाणांचं सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे आपल्या सनात आणायला वर्षाच्या पहिल्या महिन्यांत ६२१ मिळवायचे आणि दल्व, हूत या शेवटच्या महिन्यांत, जानेवारी उजाडला की, ६२२. भाषांतर करणाऱ्याने सरळ ६२१ मिळवले आणि लिहिलं फेब्रुवारी २०२०. मुलगी मुलाखतीत म्हणाली तालिबान यायच्या आधीच्या हिवाळ्यात पत्र आलं, म्हणजे फेब्रुवारी २०२१, आणि तिचं बरोबर होतं. पण कागद आणि तोंडी जबाब यात एक वर्षाचा फरक दिसला आणि तिच्या बाकीच्या सगळ्या बोलण्यावर संशयाची सावली पडली, भाषांतर पुन्हा करून, मूळ पत्राशी ताडून, लेखी खुलासा देईपर्यंत. त्यांच्या ओळखपत्रावर, तझकिरावर, पुष्कळदा जन्मतारीखच नसते, अमुक सालात वय बारा वर्षं एवढंच लिहिलेलं असतं. मग पासपोर्टवर सरळ १ जानेवारी टाकतात आणि एका घरातल्या चार भावंडांची जन्मतारीख १ जानेवारी निघते. ज्याला हे माहीत नाही त्याला ती बनावट वाटते. म्हणून आधीच लिहून द्यायचं, आमच्याकडे असं का असतं ते.

मुलाखतीत दुभाषा असतो, मोफत असतो. बोली वेगळी असेल, नीट समजत नसेल तर तिथल्या तिथे सांगायचं, नंतर तक्रार केली तर तिला वजन राहत नाही. दुभाषा त्याच्याच देशातला, दुसऱ्या समाजातला निघाला आणि पोराला बोलायची भीती वाटली तर तेही सांगता येतं, बदलून मिळतो. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. सगळ्यात जास्त नुकसान त्या मुलांचं होतं जी कुणा सीनियरने पढवलेली गोष्ट आपल्या गोष्टीत मिसळतात, कारण ती गोष्ट अधिकाऱ्याने आधी दहा जणांकडून ऐकलेली असते आणि मग त्याची स्वतःची खरी हकीकतही त्याच्यातच बुडून जाते.

एक अवघड जागा म्हणजे पासपोर्ट. व्हिसा वाढवायला वैध पासपोर्ट लागतो, पासपोर्ट रिन्यू करायला स्वतःच्या देशाच्या दूतावासात जावं लागतं, आणि ज्याला आपल्या सरकारचीच भीती आहे तो दूतावासात गेला तर मुलाखतीत प्रश्न येतो, मग तू त्यांच्याकडे गेलास कसा. याला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. तुमच्या या भाडेकरू मुलाच्या बाबतीत छळ करणारे आरएसएफ आहेत आणि दूतावास लष्कराच्या सरकारचा, त्यामुळे त्याला जाणं तुलनेने समजावून सांगता येईल, पण त्याने सरकारविरोधी आंदोलनात भाग घेतला असेल, सोशल मीडियावर लिहिलं असेल तर चित्र बदलतं. म्हणून जाण्याआधी वकिलाशी बोलायचं आणि गेला तर का गेलो, तिथे काय काय विचारलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

आणि काहीही झालं तरी देशाबाहेर पाय टाकू नको असं त्याला सांगा. दुबईला किंवा इथिओपियात आदिस अबाबाला जाऊन नवीन व्हिसा घेऊन ये, असा सल्ला मुलं एकमेकांना देतात. विमानतळावर आश्रय मागायची आपल्याकडे काही ठरलेली पद्धत नाही, तिथे इमिग्रेशन काउंटरवरचा अधिकारी प्रवेश नाकारतो आणि ज्या एअरलाइनने आणलं तिच्याच विमानाने परत पाठवतात, वकिलाला कळेपर्यंत माणूस हवेत असतो. २० ऑगस्ट २०२१ ला, काबूल पडल्यावर पाचच दिवसांनी, अफगाणिस्तानच्या खासदार रंगिना कारगर यांना दिल्ली विमानतळावरून परत पाठवलं होतं, अधिकृत पासपोर्ट असताना, आणि नंतर सरकारने त्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच महिन्यात सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द करून फक्त ई-व्हिसाच चालेल असं जाहीर केलं आणि पुण्यातल्या कॉलेजांत नाव असलेली, सुट्टीत घरी गेलेली कितीतरी मुलंमुली तिकडेच अडकली, वही-पुस्तकं इथल्या हॉस्टेलवर. खासदाराची ही गत तर विद्यार्थ्याचं काय. एकदा आत असलेल्या माणसासाठी काहीतरी लढता येतं, बाहेर राहिलेल्यासाठी मी इथून फार काही करू शकत नाही.

समजा तारीख गेलीच आणि पोलिसांनी उचललं, तर. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला नागरिकत्वाची अट नाही. राज्यघटनेचं कलम १४ आणि २१ परदेशी माणसालाही लागू आहे, अरुणाचलमध्ये राहणाऱ्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये १९९६ ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. देशात कुठेही राहण्याचा हक्क मात्र कलम १९ मधला, तो फक्त नागरिकांना, आणि एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या केसमध्ये कोर्टाने याच मुद्द्यावर कायदेशीर प्रक्रिया पाळून परत पाठवायला हरकत घेतली नाही. पण त्यानंतर महिन्याभरातच मणिपूर हायकोर्टाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना, ज्यांच्याकडे कागदच नव्हते, दिल्लीला यूएनएचसीआरकडे सुखरूप जाऊ द्यायला सांगितलं. गुजरात हायकोर्टाने १९९८ ला दोन इराकी निर्वासितांना परत पाठवण्यापासून थांबवलं होतं. म्हणजे हायकोर्टात आशा असते, पण तिथे फाईल लागते, आणि ती फाईल व्हिसा असताना तयार झालेली असली तर वकिलाच्या हातात काहीतरी असतं. मघाच्या कार्यपद्धतीत हेही आहे की परत पाठवण्यासाठी ताब्यात ठेवलेल्या माणसाची सहा महिन्यांत परतीची सोय झाली नाही तर स्थानिक जामीन, बायोमेट्रिक आणि दर महिन्याला पोलीस हजेरी या अटींवर सोडण्याचा विचार व्हावा. हे कुणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

आधार काढून देतो, पॅन काढून देतो म्हणणाऱ्या माणसापासून मात्र त्याला लांब ठेवा. एक खोटं आधार सापडलं की आश्रयाची केस मागे पडते आणि फौजदारी केस पुढे येते.

या आठवड्यात एवढं करा. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा कागद, कॉलेजची सगळी सर्टिफिकेटं यांची स्कॅन कॉपी करून त्याच्या ईमेलवर आणि एक तुमच्याकडे ठेवा. कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला त्याच्याबरोबर जाऊन अॅडमिशनचं विचारा, स्थानिक माणूस बरोबर असला की लोक बसायला खुर्ची देतात आणि नीट बोलतात, हे वाईट आहे पण असंच आहे. यूएनएचसीआरला नोंदणीची विनंती आजच पाठवू दे. जबाब अरबीत लिहायला बसू दे, रोज थोडं, आणि त्याला मध्येच उठावंसं वाटलं तर उठू दे. तुम्ही तुमच्याकडून एक साधं पत्र लिहा की हा मुलगा माझ्याकडे इतकी वर्षं राहतो, वागणूक चांगली आहे, भाडं वेळेवर देतो, आणि करार पुढे चालू ठेवायची माझी तयारी आहे. व्हिसाच्या अर्जात राहण्याच्या जागेचा पुरावा म्हणून ते लागतं, आणि उद्या स्थानिक जामीन मागायची वेळ आली तर न्यायाधीश पहिल्यांदा तेच पत्र बघतात.